शुद्धिपत्र

एकतीस वर्षं मी दुसऱ्यांच्या चुका शोधल्या.
सीताबर्डीच्या छापखान्यात, रात्रपाळीला,
हिवाळी अधिवेशनात तर दूधवाले निघेपर्यंत,
ऱ्हस्वाचे दीर्घ करत, नको ते अनुस्वार खुडत,
लाल शाई तर्जनीच्या रेघांत मुरेस्तोवर.

आता निवृत्त. आता तांडापेठेत
बेबीबाई हेडाऊंच्या ओसरीवर
गोधडी शिकते.
पसरलेल्या कापडाच्या चार कोपऱ्यांवर चार वजनं:
एक वरवंटा, फडक्यात गुंडाळलेल्या दोन विटा,
आणि मी घरून नेलेला शब्दकोश.
"आला म्हना एकदाचा कामात," बेबीबाई म्हणाल्या.

धावदोरा कडेनं निघतो,
कोपऱ्यावर वळतो, फेरीफेरीनं आत येत राहतो.
सातव्या फेरीत माझी ओळ घसरली.
आईच्या जांभळ्या लुगड्यावरून नीट चालली होती,
दिगंबरच्या शर्टाच्या तुकड्यावर आली
आणि खिशाच्या तोंडावरूनच गेली.
खिसा शिवला गेला.

मी कात्री उचलली.
बेबीबाईंनी मनगट धरलं.
"कायले उसवतं वं? छिद्रं त राहतेतच नं कापडाले.
चुकलं त चुकलं.
पुढच्या ओळीले सांग, जरासी सरकून बस म्हना."

पुढची ओळ सरकली. तिच्या पुढचीही.
मधोमध पोचेतो साऱ्या ओळींना बाक आला,
रेशनच्या रांगेत कुणी पोतं टेकवून बसलं
की मागच्यांना येतो तसा.

एक चूक मात्र अशी सरकून बसली नाही.
लग्नाच्या निमंत्रणात, वराच्या नावाआधी,
चि. च्या जागी कै. छापून आलं.
प्रूफावर सही माझी.
दुसऱ्या दिवशी शुद्धिपत्र, पान सात, तळाला,
टायरच्या जाहिरातीखाली.
मुलगा हसतच आला,
जिवंत आहे मॅडम, चिमटा काढून पाहा, म्हणाला.
त्याची आई दारातच थांबली,
बोलली काही नाही,
नुसती माझ्या पेनाकडे पाहत राहिली.
त्याला आता नातवंडंही असतील.
मी अजून ते कै. वाचते,
ठळक टाइपात, डोळे मिटले की.

हे मी बेबीबाईंना सांगितलं, सुईत दोरा ओवता ओवता.
हसतील, नाहीतर चुकचुकतील, असं वाटलं होतं.
त्यांनी विचारलं, "पोरगा तसाच गेला का, काही खाऊनगिऊन?"
चहा घेतला होता त्यानं. दोन बिस्किटं.
"मंग झालं," म्हणाल्या,
आणि दोरा दातानं तोडला.

झालं का, मला माहीत नाही.
पुढे दिगंबरच्या नावाआधीचं कै. मीच तपासलं होतं.
ते बरोबर होतं.
एकही चूक नव्हती त्या चौकटीत,
आणि काही उपयोग नव्हता.

डिसेंबरात गोधडी पुरी झाली. पारा आठावर.
गोधडीला डोकं नसतं, पाय नसतात,
दिवा मालवला की सगळ्या कडा सारख्या.
मी हात फिरवत जाते,
ओळी वाकायला लागल्या की कळतं, जवळ आलं,
मग तो बंद खिसा लागतो.
तो उशीकडे.

त्यात काहीतरी चुरचुरतं.
कितीदा धुतलेला, गोळा झालेला एखादा कागद असेल,
बसचं तिकीट, वाण्याची यादी,
किंवा दिगंबरच्या त्या भयंकर अक्षरातलं काही.
समोर आलेला कागद न वाचता ठेवल्याची
माझ्या आयुष्यात ही पहिलीच वेळ.

काल पहाटे एक सुटलेला टाका दिसला,
शब्दकोश ठेवला होता त्या कोपऱ्यात.
पाहिला.
कूस बदलली.